गिअरबॉक्सची खांदशेकणी

मी एक जुना गिअरबॉक्स आहे. हसू नका! मित्रांनो, फाटकी छत्री, पडका पूल, म्हातारा बैल या सगळ्यांची आत्मवृत्तं तुम्ही शाळेत लिहिता. गिअरबॉक्सला मात्र कोणी विचारत नाही, कारण तो दिसत नाही. गाडीचे दिवे दिसतात, भोंगा ऐकू येतो. मी आपला तिच्या पोटाखाली, अंधारात, तेलात बुडून बसलेला. आणि मी काही साधासुधा गिअरबॉक्स नव्हे बरं का. मी आपोआप गिअर बदलणारा आहे! चालवणाऱ्याने उजव्या पायाने फक्त रेस द्यायची आणि थांबायचं असेल तेव्हा ब्रेक दाबायचा. पहिला, दुसरा, तिसरा काय ते माझं मी बघतो. म्हणून माझ्या गाडीला क्लच नाही, आणि डाव्या पायाला काही कामही नाही. एवढं लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यावरून घडलं.

माझा जन्म अमेरिकेतला. माझ्या पोटातल्या तेलाच्या वाटा इतक्या बारीक, की मला जोडणाऱ्या कामगारांनी हातमोजे घातले होते. एका लांबलचक निळ्या मोटारीत बसवून मला बोटीने मुंबईला आणलं, तिथून नागपूरला, मँगनीजच्या खाणीवरच्या एका गोऱ्या साहेबाकडे. साहेब मायदेशी गेला आणि सन सहासष्टमध्ये गाडी लिलावात निघाली. ती घेतली गोपाळरावांनी. त्यांची संत्र्यांची बाग नरखेडकडे, आणि घर इथे नागपुरात, प्रताप नगरात. तोवर त्यांनी छकड्याशिवाय दुसरं काही हाकलं नव्हतं. मग एवढी मोटार का घेतली? तर पोळ्याला बैलाच्या शिंगांना लावतात तसला निळा रंग पाहून भुलले.

त्यांचा ड्रायव्हर नत्थू. जन्मभर ट्रक चालवलेला माणूस. पहिल्या दिवशी आत बसला, खाली वाकून पाहिलं आणि बोंबललाच, “मालक, घात झाला! क्लच चोरीले गेला!”

गोपाळराव तडक लिलाववाल्याच्या दारात. “गाय विकता आन् सडं ठेवून घेता काय गा?” त्या माणसाने परोपरीने समजावलं, की या गाडीला क्लच नसतोच. गोपाळराव परत आले ते पुटपुटतच, “नसतो म्हणे. आता चोरलेली वस्तू कोण कबूल करते?”

मालकांची समजूत पटायला महिना लागला. नत्थूच्या डाव्या पायाची कधीच पटली नाही. चौक आला, की तो पाय सवयीने क्लच शोधायचा, आणि त्याच्या तावडीत सापडायचा ब्रेक. सीताबर्डीत गोपाळरावांची टोपी पुढच्या काचेवर, धंतोलीत मागची संत्र्यांची टोपली पुढच्या सीटवर! शेवटी नत्थूने एक जुनी खडाव आणली आणि डाव्या पायाखाली गाडीच्या तळाला खिळ्यांनी ठोकून दिली. तोच त्याचा क्लच. ती दाबून तो मोठ्या ऐटीत सांगायचा, “हा पाहा मालक, टाकला दुसरा!” अरे, दुसरा मी टाकलेला असायचा! मेहनत माझी आणि मिशीला पीळ त्याचा. माझा नुसता तिळपापड व्हायचा.

आता पुष्पलतेविषयी सांगतो. ही गोपाळरावांची मुलगी. लहानपणी तापात तिचा डावा पाय लुळा पडला. ती काठी घेऊन चालायची. पाय तिच्याबरोबर यायचा, पण तिचं ऐकायचा नाही. डोकं मात्र तल्लख. संत्रं नुसतं हातात घेऊन सांगायची, की साल सुटलेली आहे की फळ आणखी आठ दिवस झाडावर राहू द्यावं. पण बाग नरखेडला आणि ही प्रताप नगरात गच्चीवर. एस.टी.ची पायरी उंच. शिवाय घरातले सगळे म्हणायचे, “तुले कायले तरास पोरी? तू आरामात बस.” मायेनेच म्हणायचे. मायेनेच तिला बसवून ठेवलं होतं. तुला बसायचं आहे का, हे तिला कोणी विचारलं नाही.

मग एक दिवस त्या खडावेचाच खिळा नत्थूच्या अंगठ्यात घुसला आणि तो लंगडत घरी बसला. देवाच्या घरी न्याय असतो! संध्याकाळी पुष्पलता म्हणाली, “बाबा, मी बसून पाहू का?” तेव्हा प्रताप नगरात घरं कमी आणि मोकळे प्लॉट जास्त. अशाच एका मोकळ्या जागेत ती गाडीत बसली. डावा पाय बाजूला ठेवून दिला, आणि तो तिथून हलला नाही. हलणारच नव्हता. मित्रांनो, जन्मात पहिल्यांदा मला असा डावा पाय भेटला, जो माझ्या कामात लुडबूड करत नव्हता! तिने उजव्या पायाने रेस दिली. मी पहिला टाकला, दुसरा टाकला, लोण्यासारखा तिसरा टाकला. गोपाळराव धोतराचा सोगा धरून मागे पळत होते, “हळू वं पुष्पे, हळू!” आणि ती हसत होती. ते हसणं मी विसरलो नाही.

त्यानंतर दहा वर्षं गाडी तिनेच चालवली. नत्थू शेजारी डबा मांडीवर घेऊन बसायचा आणि वळण आलं की डावा पाय दाबायचा, पण तिथे काही नव्हतं म्हणून बरं. बागेत संत्र्यांचा आंबिया बहार तोडणीला आला, की पुष्पलता पहाटे हजर. निळी गाडी दिसली, की व्यापारी आपसातली कुजबुज बंद करून नीट बसायचे. “पुष्पाताई आल्या, आता भाव पाडू नका, नाहीतर चांगली फळं दुसऱ्याले जातीन,” असं म्हणायचे. तिला कोणी लंगडी म्हणत नव्हतं. बागवाली म्हणत होते.

पुढे मी जरा थकलो. दुसऱ्यावर जाताना झटका बसू लागला. पोटातलं तेल जुनं झालं होतं, दुसरं काही नाही. पण ते कोणाला ठाऊक?

आणि पोळा आला. तुम्ही शहरातली मुलं, तुम्हाला कदाचित माहीत नसेल. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहून दुखावलेले त्यांचे खांदे कोमट तूप आणि हळद लावून पळसाच्या पानांनी शेकतात, आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आमंत्रण देतात. सगळं घर त्यासाठी गावी गेलं होतं. गोपाळरावांनी बैलांचे खांदे शेकले, आणि तुपाची वाटी हातात घेऊन उठताना त्यांची नजर माझ्या गाडीकडे गेली.

“काहून गा नत्थू, हा झटके मारून राहिला म्हणे?”

“हो ना मालक. दुसऱ्यावर जाताना अंग चोरते.”

“मंग खांदा दुखत असन त्याचा. दहा वर्षं वाहून राहिला बिचारा. आन् आपण बैलाचं करतो, याचं काही नाई.”

आता खांदा शोधायचा कुठे? नत्थूने बॉनेट उघडलं. गोपाळरावांनी इकडे बोट लावलं, तिकडे बोट लावलं. मग त्यांना माझं तेल मोजायची लांब पट्टी दिसली. नत्थूने ती उपसून दाखवली. खाली नळी.

“हे तं तोंडच हाय!” गोपाळराव हरखले. “वरून चोळून काय होते? आजारी बैलाले पोटातून देतो आपण. जाय, बांबूची नळी आण.”

नत्थूने नळी धरली. गोपाळरावांनी घरातून तुपाचा अख्खा गडू आणला, चुलीवर पातळ केला, त्यात मूठभर हळद टाकली. मग माझ्यावर प्रेमाने हात फिरवून म्हणाले, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.”

मित्रांनो, खोटं कशाला सांगू? मला गहिवरून आलं. अमेरिकेत मला कोणी जेवायला बोलावलं नव्हतं. गोऱ्या साहेबाने तर कधी थापसुद्धा मारली नव्हती. आणि त्या गहिवरात असतानाच, गुडगुड गुडगुड, गडूभर तूप माझ्या पोटात उतरलं.

“घरी सांगू नको हं,” गोपाळराव रिकामा गडू पाहत म्हणाले. “हे पार्वतीचं पुरणपोळीचं तूप होतं.” पार्वतीबाई म्हणजे त्यांची बायको. तिच्या तुपाला हात लावायची गावात कोणाची छाती नव्हती. नत्थूने गळ्याची शपथ घेतली. दुसऱ्या दिवशी घरात तुपावरून जो गदारोळ झाला त्यात बिचाऱ्या मांजरीला मार बसला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सगळे नागपूरला निघाले. मी तापू लागलो, तसं तूप तापू लागलं. गाडीत खमंग वास भरला. मागून पार्वतीबाई म्हणाल्या, “माय वं! या गावात पोळ्या चालू दिसतात.” पुढच्या गावीही त्या तेच म्हणाल्या. काटोल आलं, गेलं, तरी तेच. “आज काहून सगळ्याच गावी पुरण शिजून राहिलं?” गोपाळराव खिडकीबाहेर बघत बसले. मागे कुत्र्यांची फौज लागली होती. मला तर धड ढेकरही देता येईना. आणि शहराच्या तोंडाशी, काटोल नाक्यावर, मी हात टेकले. पहिला लागेना, दुसरा लागेना. कितीही रेस द्या, गाडी जागची हलेना. एक रिव्हर्स तेवढा शिल्लक होता.

पुष्पलता हार मानणारी नव्हे. तिने गाडी वळवली, मान मागे केली, आणि काटोल नाका ते प्रताप नगर आम्ही उलटे आलो! चौकातल्या पोलिसाने शिटी तोंडात धरली, पण आम्ही येतो आहोत की जातो आहोत हे त्याला ठरवता येईना. त्यात दिवस मारबतीचा. गावाची सगळी रोगराई, सगळी पीडा पुतळ्यांबरोबर हाकलून द्यायचा दिवस. आमची उलटी वरात पाहून पोट्टे मागे धावले आणि ओरडू लागले, “इडा पिडा घेऊन जा गे मारबत!” मी! अमेरिकेचा गिअरबॉक्स! इडा पिडा!

दुसऱ्या दिवशी गॅरेजवाले भैय्याजी आले. पालथे पडून त्यांनी मला पाहिलं, पान्याने दोनदा ठोकलं आणि उठून हात झटकले. “गया. ये अंदर से चक्रव्यूह है बाबारावजी. इसमें घुसना आता है, निकलना नहीं आता. मैं तो कहता हूँ, निकाल के फेको और ट्रक का गिअरबॉक्स बिठाओ. क्लच के साथ. एक दिन का काम.”

बाबाराव म्हणजे पुष्पलतेचा थोरला भाऊ, शहरातली वखार बघणारा. त्याला सगळं लवकर हवं असायचं. “लावून टाका,” तो म्हणाला. “बहार तोंडावर आला. गाडी पाहिजे.”

“अन् क्लच दाबन कोण?” पुष्पलता म्हणाली.

बाबारावने तिच्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. “नत्थू हाय ना. तो नेईन तुले, जेव्हा मोकळा असन तेव्हा. तू कायले तरास घेतं?”

पुन्हा तेच वाक्य, तेवढ्याच मायेने. गोपाळराव दारात उभे होते. ते पाठ फिरवून आत गेले.

संध्याकाळी हातगाडीवरून तो आला. ट्रकचा गिअरबॉक्स. काळा, धुळकट, दांडगट, डोक्यावर दांडी रोवलेला. अंगणात ऐसपैस बसला आणि माझ्याकडे पाहू लागला. भैय्याजी जीप घेऊन आले होते. पुष्पलता म्हणाली, “मले एकदा पाहू द्या.” ती जीपमध्ये चढली. दोन्ही हातांनी डावा पाय उचलून क्लचवर ठेवला. पाय दबेना. मग गुडघ्यावर दोन्ही हात ठेवून तिने सगळं वजन टाकलं, तेव्हा कुठे क्लच खाली गेला. पण मग स्टिअरिंग कोण धरणार? तिने एक हात सोडला. जीप बेडकासारखी उडाली आणि बंद पडली. पुन्हा केलं. पुन्हा बंद. कोणी हसलं नाही. नत्थूसुद्धा नाही.

ती उतरली, काठी घेतली आणि म्हणाली, “ठीक आहे. बदला.” आणि आत निघून गेली.

मी लोखंडाचा आहे, मान्य. पण त्या संध्याकाळी मला रडू आवरेना. घरचे म्हणाले, तेल गळून राहिलं.

गोपाळराव जेवले नाहीत. पोट बिघडलं म्हणाले. पार्वतीबाईंनी ओवा दिला, तो तसाच मुठीत धरून बसले. सकाळी भैय्याजींनी पाने-पक्कड मांडली आणि माझा पहिला बोल्ट सैल केला. मी मनात म्हटलं, संपलं बुवा आपलं. भंगारात जायचं. तेवढ्यात गोपाळराव अनवाणीच अंगणात आले.

“थांब गा भैय्याजी. आधी उघडून पाह्य त्याले.”

“खोलके क्या मिलेगा काकाजी?”

“तूप मिळन.”

बाबाराव म्हणाला, “काय?”

“तूप. म्या पाजलं. खांदशेकणीले, हळद टाकून.” गोपाळराव नत्थूच्या पुढे येऊन उभे राहिले. “नत्थूले काही म्हणू नका, त्यानं नुसती नळी धरली. झटके मारते म्हणून मले वाटलं खांदा दुखते त्याचा.”

“बाबा! लोखंडाले तूप?” बाबाराव ओरडला.

“बैलाले चालते ना!” म्हातारा तितक्याच जोरात ओरडला. मग तो दाराकडे वळला, जिथे पुष्पलता काठीवर रेलून उभी होती. “पुष्पे, मले लाज वाटत होती म्हणून रातभर बोललो नाई. पण तू पुन्हा घरी बसशीन, तं माह्या हातानं बसशीन. ते मले नाई सहन होत.”

कोणी काही बोलायच्या आत भैय्याजींनी कपाळावर हात मारला. “अरे, मतलब ये बूढ़ा नहीं हुआ! इसको अजीर्ण हुआ है!” आणि ते उताणे होऊन खाली सरकले. चक्रव्यूहाची भीती कुठल्या कुठे पळाली. रोग कळला, की वैद्याला जोर चढतो. त्यांनी माझ्या पोटाचं झाकण काढलं आणि परातीत बदाबदा पिवळं तूप पडलं. पार्वतीबाई पुढे झाल्या. एक बोट बुडवलं, नाकाशी नेलं.

“आपल्या कपिली गाईचं तूप!” त्या किंचाळल्या. “अन् म्या त्या गरीब मांजरीले झोडपलं!”

पहिली हसली ती पुष्पलता. काठी सोडून भिंतीला धरून हसली. मग नत्थू, मग बाबाराव, मग सगळेच. गोपाळराव तेवढे हसत नव्हते. ते तिच्याकडे बघत होते.

बाबाराव डोळे पुसत म्हणाला, “भैय्याजी, दुरुस्त होईन?”

“होगा. टाइम लगेगा. पर होगा.”

“मंग तेच करा. तो ट्रकवाला घेऊन जा.”

माझे सगळे अवयव पार्वतीबाईंच्या पापड वाळवायच्या चादरीवर ओळीने मांडले गेले. इतक्या लोकांपुढे असं उघडं पडायची मला फार लाज वाटली. रॉकेलने आंघोळ झाली. वाटावाटांत जळून चिकटलेलं तूप निघालं. रबरी कड्या आणि माझं लाल तेल मुंबईहून रेल्वे पार्सलने आलं. भैय्याजींनी तोंडाने रामनाम घेत मला जोडलं. एक स्प्रिंग उरली. ती कुठली हे त्यांना आजवर कळलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. पार्वतीबाईंनी ती देव्हाऱ्यात ठेवली, आणि दर गुरुवारी तिला फूल वाहतात.

पुष्पलता बसली. सगळे फाटकापाशी उभे. तिने रेस दिली. मी पहिला टाकला. पुढे निघालो, मित्रांनो, पुढे! दुसरा टाकला. झटका नाही.

“टाकला दुसरा!” शेजारून नत्थू गरजला.

“नत्थूभाऊ,” पुष्पलता म्हणाली, “गप बसा.”

बहार तोडायच्या पहाटे निळी गाडी बागेत उभी होती.

त्याला आता दहा वर्षं होतील. तेव्हापासून माझी खांदशेकणी दरवर्षी होते. तुपाची नव्हे, तेलाची. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी भैय्याजी पाहुणे म्हणून बागेत येतात, जुनं तेल काढतात आणि नवं लाल तेल भरलं जातं. अहो, भल्याभल्यांच्या गाड्यांना एवढ्या नियमाने तेल मिळत नाही. माझ्या बरोबरीचे कधीच भंगारात गेले. मी अजून नरखेडच्या रस्त्याला तिसऱ्यावर पळतो, तो या सणामुळे. मित्रांनो, तुमच्याही घरी कोणीतरी असेल, बोलता न येणारं, नाहीतर येत असून न बोलणारं. त्याच्यावर माया करा, पोटभर करा. पण गडू पातळ करायच्या आधी त्याला काय हवं ते एकदा विचारा. आणि चुकलातच, तर ओवा खात बसू नका, अंगणात येऊन सांगा.

यंदा गोपाळरावांना बाजेवरून उठवेना. डोळ्यांनाही नीट दिसत नाही. पुष्पलतेने गाडी थेट त्यांच्या बाजेला लावली, बॉनेट उघडलं, तेलाचा डबा त्यांच्या हातात दिला आणि स्वतःचा हात त्यांच्या हाताखाली धरला.

“हेच ना वं त्याचं तोंड?” त्यांनी विचारलं. दरवर्षी विचारतात.

“हेच, बाबा.”

“आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” थेंब न सांडता तेल आत गेलं. मग म्हाताऱ्याने इकडेतिकडे चाचपलं, उशीखालून पानात गुंडाळलेलं बोटभर हळदतूप काढलं आणि हळूच म्हणाला,

“बाहेरून चालते ना वं?”

पुष्पलतेने त्यांचा हात धरून माझ्या अंगाला टेकवला.

“बाहेरून चालते, बाबा.”